चौथ्या फीडरची रेघ

तळेगाव दाभाडे
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय घारे सर,

आपली ओळख नाही. मी नूर मुलाणी. तुम्ही कंपनी सोडलीत त्यानंतर दोन महिन्यांनी मी लागले आणि तेव्हापासून तुमच्याच खुर्चीत बसते. तुमचा फोन लागत नाही. एचआरमधल्या प्रेरणाने जुन्या फायलीतून हा पत्ता काढून दिला. "धरणापलीकडचं गाव आहे, तिथे पत्रच पोचेल," म्हणाली.

काम असं आहे. नवलाख उंब्र्याच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस लाइनवर आपलं जे सॉफ्टवेअर चालतं, त्याचा क्लास डायग्रॅम मला मार्चअखेर द्यायचाय. पाच आणि सहा नंबरचे फीडर बसणार आहेत. ते काम दुसरी टीम करणार आणि त्यांना आधी नकाशा हवा. तुमच्यानंतर हा प्रोग्रॅम पूर्ण माहीत असलेलं कुणी उरलेलं नाही. मीही नाही.

मी चित्र काढणाऱ्या टूलला सांगितलं, सगळं काढ. एकशे त्रेचाळीस क्लास निघाले. स्टेशनजवळ पप्पूच्या झेरॉक्समध्ये मोठ्या कागदावर प्रिंट घेतली, दोघांनी टोकं धरून उलगडली. पप्पू म्हणाला, "मॅडम, कसला क्लास? शिकवणीचा?" मी सांगितलं, प्रोग्रॅममधला एकेक काम करणारा भाग म्हणजे क्लास. कुणी प्रेस सांभाळतो, कुणी नोंदी ठेवतो. चौकोन म्हणजे तो भाग, आणि त्याला दुसऱ्या कुणाची गरज लागते तिथे रेघ. त्याने बराच वेळ कागद पाहिला. "म्हणजे इथं सगळ्यांनाच सगळ्यांची गरज लागते."

लागत नाही हो. पण दिसतं तसंच. रेघांखाली चौकोनांची नावंसुद्धा झाकली गेलीत. ती गुंडाळी सोबत पाठवते आहे. कुठून सुरुवात करू, एवढंच सांगा.

टीममधले बाकीचे पाचजण बाणेरच्या ऑफिसला गेले. कारखान्याजवळ एक माणूस हवा म्हणून मला इथे ठेवलंय. दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. पत्र लांबलं असेल तर ते त्यामुळे.

आपली,
नूर मुलाणी


मु. शिळवाडी, पो. पवनानगर
२० नोव्हेंबर २०२४

कु. मुलाणी यांस,

पत्र मिळालं. गुंडाळी मी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. एवढा कागद कुणीच वाचत नाही. लोक तो भिंतीवर लावतात आणि त्याच्यासमोर उभं राहून चहा पितात.

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. एका कार्डावर जास्तीत जास्त आठ चौकोन. आधी वरच्या बाजूला प्रश्न लिहा. एका कार्डाला एकच प्रश्न, उदाहरणार्थ, पत्रा अडकला तर कुणाकुणाला कळवलं जातं? त्या प्रश्नाचं उत्तर देताना ज्या क्लासचं नाव घ्यावं लागत नाही, तो त्या कार्डावर नको. तोच क्लास चार कार्डांवर आला तरी चालेल. चौकोनात फक्त नाव लिहा, आतला तपशील नको. रेघा जाड काळ्या पेनाने काढा.

फोन करू नका. इथे रेंज नाही.

राजेंद्र घारे


तळेगाव दाभाडे
१ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,

तुमचं पत्र वाचून आधी जरा राग आला. मग कार्डांचा गठ्ठा आणला आणि काल-आज दोन्ही दिवस घरी बसून सात कार्डं केली. चार पाठवते. पत्रा अडकल्यावर कळवायचं असतं फक्त पाचजणांना! एकशे त्रेचाळिसांतल्या पाचजणांना. वर्षभर मी हा प्रोग्रॅम चालवते आहे आणि मला हे माहीत नव्हतं.

एका ठिकाणी अडले. नोंदी ठेवणारा लॉगर आणि सेटिंग हे दोन क्लास सगळ्यांनाच लागतात. ते घेतले की प्रत्येक कार्डावर पुन्हा रेघांचं जाळं होतं.

शनिवार-रविवार काम करते म्हणून मला फार कामसू समजू नका. माझं घर लोणावळ्याला आहे, तळेगावहून लोकलने फार तर पाऊण तास. पण मागच्या वर्षी अम्मी गेली आणि अरबाजने, माझ्या भावाने, घराचा होमस्टे केला. सुट्टीच्या दिवशी तिथे पाहुणे असतात. मागच्या महिन्यात न कळवता गेले, तर अम्मीच्या खोलीच्या दाराला नंबर लावला होता, आणि आतून एका बाईंनी विचारलं, "टॉवेल आणलेत का?" मी हो म्हणाले आणि खरंच टॉवेल नेऊन दिले. मग परत आले. म्हणून हल्ली शनिवारी मी इथेच असते.

हे तुम्हाला का लिहिलं माहीत नाही. लॉगरचं मात्र नक्की सांगा.

आपली,
नूर


शिळवाडी
१० डिसेंबर २०२४

नूर,

मला अहो-जाहो जमत नाही, म्हणून 'तू' लिहितो. चालेल ना?

कार्डं चांगली आहेत. दोनांवर तू बारीक पेन वापरलंस. जाडच वापर.

लॉगर, सेटिंग आणि टायमर चित्रात घेऊ नकोस. जो सगळ्यांनाच जोडलेला आहे, त्याची रेघ काढून वाचणाऱ्याला नवं काही कळत नाही. कोपऱ्यात एक ओळ लिही: 'हे तीन सर्वत्र आहेत, दाखवलेले नाहीत.' ती ओळ मात्र कधी चुकवू नकोस. वगळलं आणि सांगितलं नाही, तर ते चित्र खोटं असतं.

मूळ क्लास वर, त्याच्यापासून निघालेले खाली. विचारणारा डावीकडे, उत्तर देणारा उजवीकडे. सगळ्या कार्डांवर हाच रिवाज ठेव, म्हणजे वाचणाऱ्याला दर वेळी नव्याने शोधावं लागत नाही. रेघा तिरक्या नेऊ नकोस, काटकोनात वळव. चौकोन कितीही हलवले तरी एखादी रेघ दुसरीला कापतच राहिली, तर चित्र बाजूला ठेव आणि प्रोग्रॅम बघ. गुंता बहुतेक तिथेच असतो. शेवटी सगळ्यांच्या वर एक कार्ड कर. त्यावर क्लास नको, फक्त गटांची नावं आणि कुठल्या गटाची कुठली कार्डं ते.

घराचं वाचलं. आमच्या गावालाही शनिवारी पाहुणे असतात. धरणाच्या कडेला तंबू लागतात, गाणी वाजतात. रविवारी दुपारी सगळे जातात. मग इतकं शांत होतं की शेजारी शालूवहिनी भाकरी थापतात तो आवाज ऐकू येतो. आई होती तोवर हे जाणवलं नव्हतं. आता मी त्या आवाजाची वाट बघतो.

तुझी पत्रं मी दुपारी एक ते तीन ओसरीवर वाचतो. उजेड तेव्हाच बरा असतो.

राजेंद्र घारे


तळेगाव दाभाडे
२१ डिसेंबर २०२४

प्रिय सर,

तेवीस कार्डं झाली. ऑफिसच्या भिंतीवर लावली आहेत. बाणेरहून मॅनेजर आले होते. पहिल्यांदाच असं झालं की त्यांनी प्रश्न विचारला आणि मी भिंतीवर बोट ठेवून उत्तर दिलं. म्हणाले, "ही पद्धत कुठे शिकलीस?" मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "घारे? तो तर भला मोठा स्क्रीन लावून बसायचा."

आता एक शंका. कार्डाचा प्रश्न आहे: जाळी उघडी असताना फीडर हलू नये, हे कोण पाहतं? फीडर म्हणजे पत्रा प्रेसखाली ढकलणारा हात, त्याच्यापुढे संरक्षणाची जाळी, आणि ती उघडी की बंद हे सांगणारा क्लास गार्डलॉक. एक, दोन, तीन हे फीडर एकाच मूळ क्लासखाली आहेत आणि त्या मूळ क्लासपासून गार्डलॉककडे एक स्वच्छ रेघ जाते. चौथा फीडर वेगळ्या बनावटीचा, त्यामुळे त्याचा क्लास तुम्ही वेगळा लिहिलाय. त्याच्यापासून गार्डलॉककडे रेघ सापडत नाही. तीनदा शोधलं.

मी रेघ विसरले का? की ती दुसरीकडून फिरून येते? पाच आणि सहा हे चारवरूनच उचलायचं ठरलंय, म्हणून विचारते.

कार्ड सोबत आहे. जाड पेनाने काढलंय!

तुमची,
नूर


तळेगाव दाभाडे
२० जानेवारी २०२५

सर,

महिना झाला, उत्तर नाही. आधी वाटलं पत्र हरवलं. मग वाटलं तुम्ही आजारी आहात. पवनानगरच्या पोस्टात फोन केला, ते म्हणाले पत्र पोचलंय.

मागच्या आठवड्यात मी कारखान्यात गेले. चार नंबर कुठला म्हणून एका कामगाराला विचारलं, तर म्हणाला, "श्रीपतीची मशीन? ती त्या दिसापासनं बंद हाय." मला काहीच माहीत नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे श्रीपती नावाच्या ऑपरेटरचा हात फीडरखाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ते सांगत होते, पत्रा अडकला म्हणून मी जाळी उघडली आणि मगच हात घातला. आपल्या लॉगमध्ये नोंद होती, 'जाळी: बंद'. म्हणून चौकशीत लिहिलं गेलं की कामगाराने जाळी न उघडता बाजूच्या फटीतून हात घातला, अपघात स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

मी ऑफिसात येऊन प्रोग्रॅम पुन्हा वाचला. चौथा फीडर गार्डलॉकला विचारतच नाही. आणि विचारलं नाही, की लॉगमध्ये आधीपासून भरलेला शब्द तसाच छापला जातो. तो शब्द 'बंद' आहे. जाळी उघडी असो वा नसो.

मशीन बंद असल्यामुळे आज कुणाला धोका नाही. एप्रिलमध्ये पाच आणि सहा सुरू झाले की असेल.

मी अजून कुणाशी बोललेले नाही. आधी तुम्हाला विचारते. तुम्हाला हे माहीत होतं का?

नूर


शिळवाडी
२८ जानेवारी २०२५

नूर,

रेघ तू विसरली नाहीस. ती रेघ नाहीच.

मला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी २०२१ मध्ये सांगितलं. यात कडेचं दिसणं आधी जातं. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं, आणि ती नळी हळूहळू बारीक होते. कंपनीत मी कुणाला सांगितलं नाही. मोठा स्क्रीन मागून घेतला. लोकांना वाटलं, मोठ्या कामाला मोठा स्क्रीन.

चौथा फीडर जोडताना मी तो सगळा डायग्रॅम स्क्रीनवर उघडून एकेक रेघ तपासली होती. एकशे चाळीसच्या आसपास चौकोन. एका चौकोनापासून रेघेबरोबर निघालो की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कुठून निघालो ते सुटायचं. गार्डलॉक उजव्या कडेला होता. मला वाटलं, रेघ आहे. मी ती पाहिली असं समजून पुढे गेलो.

अपघातानंतर चौकशीच्या खोलीत आम्ही सातजण होतो. लॉगचा कागद माझ्यापुढे आला. 'जाळी: बंद.' तो शब्द कुठून आला हे त्या खोलीत एका माणसाला कळलं, तो मी. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता की घारे, एवढी मोठी चूक दिसली कशी नाही? मी कागद पुढच्या माणसाकडे सरकवला. चार महिन्यांनी आईचं कारण सांगून नोकरी सोडली. आई तेव्हा धडधाकट होती.

तुझी गुंडाळी उघडली नाही हेही खोटं. ओसरीवर पसरली होती. तासभर गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो आणि मला गार्डलॉक सापडलाच नाही. मग तुला पोस्टकार्डाचं लिहिलं. ती पद्धत खरी आहे, तू ती सोडू नकोस. पण माझ्या नजरेत तेवढंच मावतं, हे खरं कारण होतं.

तू एकेक प्रश्न घेत कधीतरी या कार्डापाशी येणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू विचारलंस की सांगायचं, असं ठरवलं होतं. तू विचारलंस आणि मी महिनाभर तुझं कार्ड उशाशी ठेवून बसलो.

आता तुला करायचं ते कर.

राजेंद्र घारे


तळेगाव दाभाडे
३ फेब्रुवारी २०२५

घारे सर,

रागाने लिहिलेली दोन पानं फाडली. एवढंच ठेवलंय: वगळलं आणि सांगितलं नाही तर चित्र खोटं, हे तुम्ही मला लिहिलंत तेव्हा तुमचा हात थांबला कसा नाही?

मी मॅनेजरना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "नूर, प्रोग्रॅम दुरुस्त कर. नकाशात चौथ्याला रेघ दाखव. पाच-सहा सुरक्षित होतात, विषय संपला. जुना रिपोर्ट उकरून कुणाला काय मिळणार?" मी म्हटलं, श्रीपतींना. ते म्हणाले, "त्याला नोकरी दिलीये की अजून."

ती नोकरी मी पाहिली. ते कारखान्याचं पार्किंग झाडतात. बारा वर्षं प्रेस चालवलेला माणूस डाव्या हाताने खराटा धरतो. मी सलाम केला, त्यांनी मान हलवली आणि माझ्या गाडीसाठी जागा मोकळी करून दिली. गाडी नव्हती माझ्याकडे. मी तशीच उभी राहिले.

दुरुस्ती मी आजच केली. पण नकाशात मी दोन कार्डं देणार आहे, आधीचं आणि दुरुस्तीनंतरचं, दोन्हींवर तारीख घालून. कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी अनिता मॅडमनी वीस तारखेला वेळ दिलीय. मॅनेजरना तसं कळवलंय. उत्तर आलं नाही.

भीती वाटते. ही नोकरी गेली तर तळेगावात राहायलाही कारण उरणार नाही, आणि दुसरीकडे कुठे जायचं तेही माहीत नाही. माझं एकटीचं म्हणणं ते उडवून लावतील. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं लेखी हवं. द्याल?

नूर


शिळवाडी
९ फेब्रुवारी २०२५

नूर,

निवेदन सोबत आहे. तीन पानं, प्रत्येक पानावर सही. डोळ्यांचे रिपोर्ट जोडलेत, २०२१ पासूनचे. लॉगचा कागद मी पाहिला होता आणि गप्प बसलो, हेही लिहिलंय. ते वाक्य गाळू नकोस.

एक कार्डही आहे. ते मी स्वतः काढलंय. सहा चौकोन, दोन दुपारी लागल्या.

वहिनींना काल सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. मला वाटलं धक्का बसेल. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं न्हाई व्हय, भावजी? ताटात कडंला वाढलेली चटणी तुमी हितं आल्यापासनं कदी खाल्ली न्हाई. म्हून मी ती मधी वाढती." मग अपघाताचं सांगितलं. उठताना म्हणाल्या, "कागुद पाठवून भागायचं न्हाई. त्या मानसाच्या दारात जावं लागंल तुमाला."

मला ते जमेल असं वाटत नाही.

राजेंद्र घारे


तळेगाव दाभाडे
४ मार्च २०२५

सर,

वीस तारखेची बैठक झाली. आमचे मॅनेजर आले. त्यांनी माझ्या त्या पहिल्या मोठ्या डायग्रॅमची नवी प्रिंट आणून टेबलवर उलगडली. "सिस्टीम किती गुंतागुंतीची आहे ते बघा," म्हणाले. सगळ्यांनी पाहून माना हलवल्या. मला कळलं की मॅनेजरना तेच हवंय.

मी त्या कागदाच्या मधोमध तुमचं कार्ड ठेवलं. म्हटलं, फक्त एक प्रश्न. जाळी उघडी असताना फीडर हलू नये, हे कोण पाहतं? अनिता मॅडमना प्रोग्रॅमिंग येत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि बोट एकेका चौकोनावरून नेलं. एक, दोन, तीन. बोट चौथ्यावर थांबलं. "याला रेघ का नाही?"

मिनिटसुद्धा लागलं नाही, सर.

मग तुमचं निवेदन वाचलं गेलं. मी वाचलं. लॉगच्या कागदाचं वाक्य गाळलं नाही.

चौकशी पुन्हा उघडली आणि काल निकाल आला. 'निष्काळजीपणा' शब्द काढून टाकला. चूक सॉफ्टवेअरची, असं स्पष्ट लिहिलंय. श्रीपतींना तपासणी विभागात घेतलंय. प्रेसवर जायला त्यांनीच नकार दिला. पाच आणि सहाचं काम पूर्ण तपासणी होईपर्यंत थांबवलंय.

माझं म्हणाल तर नोकरी आहे, फक्त या प्रोजेक्टवरून काढलं. बाणेरला बोलावलंय, एक तारखेपासून. तिथे चाळीस माणसं आहेत आणि मॅनेजरनी त्यांना माझ्याविषयी काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. आज कार्डं भिंतीवरून उतरवली. भिंत फार मोठी वाटायला लागली.

श्रीपतींना निकालाचा कागद मिळाला असेल. मी भेटायला जाणार होते, पण कंपनीने कारखान्यात जायची मनाई केलीय. घरी जावं तर काय बोलायचं कळत नाही. जी गोष्ट सांगायचीय, ती माझी नाही.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तरी पत्र लिहा.

नूर


शिळवाडी
१७ मार्च २०२५

नूर,

काल नवलाख उंब्र्याला जाऊन आलो. वहिनी बरोबर होत्या. एसटीने तळेगाव, तिथून रिक्षा. तळेगावात उतरलो तेव्हा तुला कळवावं असं वाटलं होतं. पण तू बरोबर लिहिलंस, ती गोष्ट तुझी नव्हती.

श्रीपतींचं घर मोठ्या रस्त्याला लागूनच आहे. दारात पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन खुर्च्या. कोण, काय, ते वहिनींनी सांगितलं. श्रीपती खुर्चीत बसून राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत होता, हात दिसत नव्हता, कारण चेहऱ्याकडे पाहिलं की हात माझ्या नजरेबाहेर जातो. मी मुद्दाम मान खाली केली आणि हात पाहिला. मग बोललो.

सगळं सांगितलं. डोळ्यांचं, रेघेचं, त्या खोलीचं, लॉगच्या कागदाचं. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "कागुद आला मला. इंग्रजीत हाय. पोरीनं वाचला. पर मला एक सांगा सायब. म्हंजी मी जाळी उघडली व्हती?"

मी म्हटलं, "होय. तुम्ही उघडली होती."

"नक्की?"

"तुम्ही उघडली काय, न उघडली काय, यंत्राने 'बंद'च छापलं असतं, म्हणून यंत्राचा पुरावा धरता येत नाही. पण त्या दिवशी जाळीच्या कडीचा खिळा काढलेला सापडला, तशी फिटरची नोंद जुन्या चौकशीतच आहे; तो जाळी उघडायलाच काढतात, पण लॉगपुढे ती नोंद कुणी धरली नाही. आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतात. तुम्हाला खोटं ठरवणारी एकच गोष्ट होती आणि ती माझी चूक होती."

ते उठले आणि दारातून आत मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का? उघडली व्हती मी जाळी!"

आत भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

परत येऊन बसले ते हळू आवाजात बोलायला लागले. "दोन वर्सं घरात रोज त्योच सवाल. आदी बायको इचारायची. मंग तिनं सोडलं, तर मीच मला इचारायला लागलो. पयल्या वर्सी मी सांगायचो, उघडली व्हती. दुसऱ्या वर्सी मलाच वाटाय लागलं, नसंल उघडली. मशिन कशाला खोटं बोलंल? मला माजा हात आठवायचा जाळीच्या कडीवर, आन् मी म्हनायचो, ह्ये मी मनानं रचलंय."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "बोटांचं म्हनाल तर ती कारखान्यात कुनाचीबी जात्यात. पर तुमी माजी आठवन खोटी पाडली. माफ करनं मला जमंल का न्हाई, आज सांगता यायचं न्हाई."

मी म्हटलं, "नका करू." आणि उठलो. चहा कुणी विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

परतीची रिक्षा रस्त्याच्या पलीकडे मिळते. तिथे कारखान्यांचे कंटेनर सतत असतात. मला समोरचं दिसतं, बाजूने येणारं दिसत नाही. वहिनी अशा वाहत्या रस्त्याला बिचकतात. आम्ही दोघं कडेला उभे राहिलो. एक कंटेनर गेला, दुसरा गेला. मी पाऊल पुढे टाकतो आणि मागे घेतो, असं चाललं होतं. किती वेळ ते सांगता येणार नाही.

मागून श्रीपती आले. माझा दंड धरला, उजव्या हाताने. तीन बोटं मला शर्टावरून मोजता आली. दुसरा हात त्यांनी येणाऱ्या गाड्यांपुढे धरला आणि आम्हाला पलीकडे नेऊन सोडलं. मग रस्ता ओलांडून परत गेले. मी वळून पाहिलं, पण ते माझ्या नजरेत सापडले नाहीत.

राजेंद्र घारे